काळा टाय, ऐच्छिक

बारावीचे पेपर तपासून मी नुकतीच मोकळी झाले होते. एप्रिल संपत आला होता. दुपारच्या उन्हात सोलापुरात घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून पडदे ओढून, कूलर लावून मी आडवी झाले होते. डोळा लागतोय न लागतोय तोच फोन वाजला. टेंभुर्णीहून मोठे भाऊजी.

"म्याडम, झोपला व्हता का?"

"नाही, बोला ना."

"त्या कार्डावर खाली इंग्रजीत काय लिवलंय वो? ब्लॅक टाय आपशनल. म्हंजी माणसानं करायचं काय?"

मोठे भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले बंधू. टेंभुर्णीत त्यांची शेती आहे आणि मालवाहतुकीच्या गाड्या आहेत. पांढरा पायजमा, पांढरा नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी, याखेरीज दुसऱ्या कपड्यांत मी त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही. त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत नोकरीला. तिथेच त्याच्याबरोबर काम करणाऱ्या हैदराबादच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न हैदराबादला मोजक्या माणसांत होणार होतं आणि नंतर आपल्याकडच्या लोकांसाठी सोलापुरात पुणे रस्त्यावरच्या एका लॉनवर संध्याकाळी रिसेप्शन. त्याचं कार्ड त्याच सकाळी पुतण्याने घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. फोनवर उघडलं की वेली हलायच्या, त्यातून सोनेरी अक्षरं वर यायची, मागे पियानो वाजायचा. सगळ्यात खाली, वेळ आणि पत्ता झाल्यावर, बारीक अक्षरांत तेवढी एक ओळ होती.

मी इंग्रजी शिकवते. अर्धं आयुष्य ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेलं. त्यामुळे आमच्या घराण्यात इंग्रजी अक्षर दिसलं की ते माझ्याकडे येतं. औषधाच्या बाटलीवरचं येतं, ट्रकच्या विम्याचं येतं, नव्या मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक येतं. हे आलं त्यातही काही नवल नव्हतं. अर्धवट झोपेत मी शब्दाला शब्द ठेवून सांगून टाकलं, "काळा टाय बांधला तरी चालेल, नाही बांधला तरी चालेल."

"मग मी न्हाय बांधत," भाऊजी म्हणाले आणि समाधानाने फोन ठेवला.

संध्याकाळी चहा पिताना उगाच शंका आली म्हणून मी ते नेटवर शोधून पाहिलं. तेव्हापासून पुढचे पंधरा-वीस दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ब्लॅक टाय म्हणजे मुळात टाय नाहीच. तो बो, गळ्याशी फुलपाखरासारखा बसतो तो. आणि नुसता बोही नाही. त्या दोन शब्दांत अख्खा पोशाख येतो. काळा कोट, त्याच्या गळ्याच्या पट्ट्या साटीनच्या, पँटच्या दोन्ही बाजूंनी उभी साटीनची पट्टी, पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट. बायकांनी जमिनीपर्यंत लोळणारा झगा. त्याच्या वर व्हाइट टाय म्हणून आणखी एक प्रकार आहे, त्यात कोटाला मागे शेपट्या असतात. त्याच्या खाली कॉकटेल, त्यात झगा गुडघ्यापर्यंत आला तरी चालतो. आणि 'ऑप्शनल'? ऑप्शनल म्हणजे तुमच्या मर्जीवर, असं मी जन्मभर मुलांना सांगत आले. इथे त्याचा अर्थ असा निघाला, की तो साटीनवाला कोट घातलात तर उत्तम, नसेल तर किमान गडद सूट आणि टाय हवाच. म्हणजे ऐच्छिक काय, तर साटीन. बाकी सगळं सक्तीचं.

एका ठिकाणी लिहिलं होतं, भारतीय माणसाने बंदगळ्याचा कोट घातला तर तो औपचारिकच धरावा. दुसरीकडे लिहिलं होतं, यजमानांना विचारल्याशिवाय तसं करू नये. साडी कुठेही चालते यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तेवढ्यावर मी सुटकेचा निःश्वास सोडला. फार लवकर सोडला.

पुतण्याला फोन लावला. "अरे, ते ब्लॅक टाय काय आहे?"

"फॉर्मल गं काकू. थोडं चांगलं दिसावं सगळ्यांनी, म्हणून."

"फॉर्मल म्हणजे नक्की काय? तुझ्या आबांनी काय घालायचं?"

"सूट घालतील की. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"तुझे आबा सूट घालतील?"

तो म्हणाला, "काकू, तूच समजावून सांग ना सगळ्यांना. तू इंग्रजीची आहेस. मी बोललो की भांडण होतं."

हे काम शेवटी माझ्याच गळ्यात पडणार, हे मला पहिल्याच फोनला कळायला हवं होतं. मी ग्रुपवर मराठीत एक मजकूर लिहून टाकला. पुरुषांनी शक्यतो गडद रंगाचा सूट आणि टाय घालावा, सूट नसल्यास जोधपुरी किंवा शेरवानी चालेल, स्त्रियांनी उंची साडी नेसावी. इथवर ठीक होतं. पण शिक्षकाची सवय, एक ओळ जास्तीची सुचतेच. म्हणून मी शेवटी लिहिलं, 'गडद रंग चांगले दिसतील.'

सगळ्यात आधी माढ्याहून नणंदबाईंचा आवाज आला. त्या लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. "माझ्या भाच्याच्या लग्नात मी काळं नेसायचं? आजवर कुणी केलंय का आसलं? संक्रांत हाय का ती? तुमाला काय करायचं ते करा, मी येत न्हाय."

मी फोन केला. म्हटलं, "ताई, मी काळं म्हटलंच नाही. गडद म्हटलंय."

"गडद म्हंजी काय मग, पिवळं?"

"गडद म्हणजे जांभळं, मोरपंखी, डाळिंबी..."

"कार्डावर ब्लॅक लिवलंय. ब्लॅक म्हंजी काळं, एवढं मला बी कळतंय." आणि फोन बंद.

मग बाकीचे सुरू झाले. कुणी विचारलं, फेटा बांधला तर टाय लागेल का. कुणी विचारलं, टाय शाळेचा चालेल का, घरात तेवढाच आहे. चुलत सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं की टाय नसेल त्याला गेटवर अडवणार, तर ते म्हणाले, मग आम्ही बाहेरच जेवून परत जातो. मी प्रत्येकाला समजावत होते. भाजी चिरताना समजावत होते, रिक्षात समजावत होते. स्टाफरूममध्ये विषय काढला तर फिजिक्सचे सर म्हणाले, सूट आणि ब्लेझर यांत काय फरक हेच आधी सांगा. ते मी सांगत बसले आणि माझा चहा गार झाला.

माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, "सोपं कर की. कोट, पँट, टाय. तीनपैकी कोणतेही दोन सोडवा."

"तू काय घालणार आहेस?"

"मी शर्ट-पँट."

"तो ड्रेस कोड नाही."

"माझा आहे," तो म्हणाला आणि पान उलटलं.

आठवड्याभराने भाऊजी स्वतः सोलापुरात आले. पोराने शेवटी त्यांना फोन केला होता. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण भाऊजींचा चेहरा कोर्टात तारखेला आल्यासारखा होता. "चला म्याडम," म्हणाले, "कोट घिऊ एकदाचा. पोरगं म्हणतंय तर."

नवी पेठेत सूटच्या दुकानात गेलो. दुकानदाराला मी ब्लॅक टायचं सगळं नीट समजावून सांगितलं. बो, साटीनच्या पट्ट्या, सगळं. तो मान डोलावत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे टक्सिडो. आहे ना मॅडम," आणि त्याने सोनेरी बटणांचा मरून रंगाचा जोधपुरी समोर टाकला. मी म्हटलं, हा टक्सिडो नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे यालाच म्हणतात. लई जातोय सध्या." मग निळा दाखवला, त्यालाही टक्सिडो म्हणाला. चंदेरी जरीची शेरवानी दाखवली, ती 'टक्सिडोतच इंडो-वेस्टर्न' होती. तिसऱ्या वेळी मी वाद सोडून दिला. शेवटी काळसर राखाडी रंगाचा साधा सूट मीच हँगरवरून काढला.

भाऊजी आत जाऊन घालून आले. पँट जरा लांब होती, ती खालून दुमडली. कोट मात्र बेतून शिवल्यासारखा बसला होता. टोपी काढून हातात धरली होती आणि ती ठेवायची कुठे हे त्यांना कळत नव्हतं.

"टोपी कुटं ठिवायची ह्यात?"

दुकानदाराने कोटाचा आतला खिसा दाखवला. भाऊजींनी टोपी घडी घालून आत सारली, वरून हात फिरवून पाहिला आणि आरशासमोर उभे राहिले. दुकानदाराने गळ्यात टाय बांधला, तो त्यांनी बोटाने ओढून सैल केला. मला वाटलं, आता काढून फेकतील.

"कसं दिसतंय, म्याडम?"

खरं सांगायचं तर फार चांगले दिसत होते. उंच माणूस, ताठ पाठ, उन्हात रापलेला चेहरा. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं, खांदे जरा मागे घेतले आणि दुकानदाराला म्हणाले, "तो टाय सोडा आन् परत बांदा. सावकाश बांदा. मला बगू द्या."

माझी सगळी भीती त्यांच्याबद्दल होती आणि ते तर पार सुटले. गाठ अडकली ती माझ्या जाऊबाईंपाशी.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. भाऊजी जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील, अक्का सकाळच्या एसटीने एकट्याच आल्या. हातात पिशवी, पिशवीत मला आणलेल्या कैऱ्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "चल, साडी घ्यायची हाय."

"तुमची ती डाळिंबी पैठणी आहे की कपाटात. नेसणार म्हणत होता ना?"

"चल तर."

दुकानात गादीवर बसल्यावर त्यांनी एकदम म्हटलं, "काळी दाखवा."

दुकानदार म्हातारा, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातल्या तेलुगू घरातला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "संक्रांतीला वेळ आहे की अजून, मावशी."

"दाखवा वो तुमी."

मी अडवायचा प्रयत्न केला. अक्का, काळीच पाहिजे असं काही नाही, कुठलीही चालते, मी सगळं वाचलंय. त्या ऐकून घेत होत्या आणि हाताने साड्या बाजूला सारत होत्या. शेवटी लाल काठाची, बारीक बुट्ट्यांची एक काळी साडी त्यांनी घेतली. भाव केला नाही. अक्का भाव करत नाहीत हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी साडी पिशवीतून काढली. नव्या साडीला हळदीकुंकू लावल्याशिवाय ठेवायची नाही, ही त्यांची रीत. मी देवापुढचा करंडा आणून दिला. त्यांनी बोट हळदीत बुडवलं, साडीच्या टोकापाशी नेलं आणि तिथेच थांबल्या.

"शुभकार्य हाय म्हणून घेतल्याली, आन् काळी," म्हणाल्या. "लावावं का गं हिला?"

त्यांनी मग टोकाला नाही, आत निऱ्यांकडच्या बाजूला, दिसणार नाही असं बोट टेकवलं.

"अक्का, कशासाठी हे? मनाला पटत नाही तर नका नेसू."

"पोरगं म्हणंल, आई ऐकत न्हाय." त्या साडीची घडी घालत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "हैदराबादची मानसं शिकल्याली. त्येंच्या चालीनं चाललं न्हाय तर म्हणत्याल, पोराची आई आडाणी हाय. एक दिवस तर हाय. निगून जाईल."

अक्कांना मी दुपारच्या गाडीत बसवून आले. घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. कोण ही शिकलेली माणसं, जी दुसऱ्याच्या गावात येऊन, दुसऱ्याच्या आईला काय नेसायचं ते सांगतात? मुलीच्या आईचा नंबर माझ्याकडे होता. साखरपुड्याला आमची ओळख झाली होती. मी सरळ फोन लावला.

त्यांचं हिंदी हैदराबादी, माझं सोलापुरी, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. इकडचं तिकडचं न बोलता मी विचारलं, रिसेप्शनचा ड्रेस कोड तुम्ही ठरवलात त्यामागे काही खास कारण आहे का, कारण आमच्याकडे काळा रंग लग्नात चालत नाही.

त्या म्हणाल्या, "आम्ही ठरवला? रिसेप्शन तर तुमचं आहे. आम्हाला वाटलं तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

"आमच्याकडे? सोलापुरात?"

"मग कुणाकडे?" त्यांचाही आवाज चढला. त्यांच्याकडेही काळं चालत नव्हतं. त्यांच्या सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली होती. आणि त्यांचे यजमान, निवृत्त इंजिनियर, तीन दुकानं फिरून साटीनच्या गळ्याचा खराखुरा कोट आणि बो घेऊन आले होते, कारण मुलीच्या सासरचे लोक फार मोठे, फार आधुनिक, त्यांच्यापुढे कमी पडायला नको.

मग त्या हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. मी पुतण्याला फोन लावला.

"ब्लॅक टाय कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"तिच्या आईने सांगितलं नाही. तुझ्या आई-आबांनी सांगितलं नाही. मग कुणी सांगितलं?"

"मला वाटलं हिने टाकलंय."

शेजारून मुलीचा आवाज आला, "मला वाटलं तू टाकलंस."

दोघांनी मग कार्ड करणाऱ्या कंपनीच्या मुलीला विचारलं. उत्तर अर्ध्या तासात आलं. कार्ड त्यांनी एका तयार नमुन्यावरून केलं होतं. नावं बदलली, वेळ बदलली, पत्ता बदलला. खालची ती ओळ नमुन्यात आधीच होती, ती तशीच राहिली. कुणी काढा म्हटलं नाही म्हणून काढली नाही.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुझी आई काळी साडी घेऊन गेलीय, म्हटलं. तुझी आत्या येत नाही म्हणतेय. तुझे चुलत आजोबा गेटवरून परत जाणार आहेत. मी फोनवर बोलून बोलून घसा बसवून घेतलाय. आणि हे सगळं कुठल्या कोणा परक्या माणसाच्या कार्डावरची ओळ पुसायची राहिली म्हणून?

तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सॉरी काकू. पण ऑप्शनलच होतं ना ते."

मी फोन ठेवला. फेकला नाही, याचं माझं मलाच कौतुक वाटलं.

चूक सुधारायची म्हणून त्याने काय करावं? ती ओळ काढून नवं कार्ड ग्रुपवर टाकलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. लोकांना वाटलं, लॉन बदललं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून लोकांनी एकेक ओळ ताडून पाहिली. नणंदबाईंच्या यजमानांनी मला विचारलं, आधीचा कार्यक्रम रद्द झाला का. आणि एका दूरच्या भावाने तर्क लढवला, की आता ऑप्शनल हा शब्दच काढून टाकलाय, म्हणजे टाय सक्तीचा झाला.

त्या रविवारी टेंभुर्णीला पुतण्याचं घरचं केळवण होतं. अक्का स्वयंपाकघरात भजी तळत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. नमुना, कार्ड, हैदराबादच्या विहीणबाई, सगळं. त्यांचा झारा हातातच राहिला. भजी जास्त लाल झाली.

"म्हंजी कुणीच म्हणलं न्हवतं?"

"कुणीच नाही."

"मग आमी कुणासाठी नेसत व्हतो?"

त्यांनी गॅस बंद केला आणि मग एकदम माझ्यावर घसरल्या. "आन् तू शिकल्याली. एवढी पुस्तकं वाचलीस, त्या झग्यांची समदी म्हाइती काढलीस, आन् कुणी सांगितलं एवढं इचारता आलं न्हाय तुला? आधी इचारायचं की!"

मला भयंकर राग आला. सगळ्या घराण्याचं ओझं मी वाहायचं आणि वर बोलणीही मीच खायची. पण राग गिळावा लागला, कारण त्या म्हणत होत्या त्यात तथ्य होतं. शब्दाचा अर्थ मी चार ठिकाणी शोधला होता. तो लिहिला कुणी, हे विचारायला मला साडीच्या दुकानापर्यंत जावं लागलं होतं.

अक्कांचा राग फार टिकत नाही. भजी ताटात काढता काढता त्या म्हणाल्या, "असू दे. संक्रांतीला हुईल सुनंला. पहिली संक्रांत हाय तिची, काळी घ्यावीच लागली असती." आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बाहेरच्या सोप्यावरून भाऊजी ओरडले, "साडीचं काय बी करा. कोट माघारी द्यायचा न्हाय!"

हैदराबादचं लग्न पार पडलं आणि रिसेप्शनच्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, की सगळ्या दुनियेच्या कपड्यांची काळजी करताना मी स्वतः काय नेसणार याचा विचारच केलेला नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला नेसते तीच निळी रेशमी साडी काढली. ब्लाउज दंडात घट्ट झाला होता. नवऱ्याने अर्ध्या बाह्यांचा क्रीम रंगाचा शर्ट घातला, केस विंचरले आणि तो पायऱ्यांवर माझी वाट बघत उभा राहिला.

लॉनवर सूर्य मावळला तरी हवा भट्टीसारखी होती. चारी कोपऱ्यांत मोठे कूलर लावले होते आणि लोक स्टेज सोडून कूलरभोवती उभे होते. जो तो आपल्या मनाचं घालून आला होता. फेटे होते, नेहरू शर्ट होते, जीन्स होत्या. शाळेचा टायवालाही आला होता, टाय बांधून. चुलत सासऱ्यांना गेटवर कुणी अडवलं नाही, उलट अत्तर लावलं, त्यावर ते खूश होते. नवऱ्या मुलाच्या अंगावर बदामी रंगाचा बंदगळा होता; त्याच्या अंगावर काळा दोरासुद्धा नव्हता. अक्का डाळिंबी पैठणीत, नाकात नथ, स्टेजवर सुनेचा पदर सारखा करत होत्या.

येत नाही म्हणणाऱ्या नणंदबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. पिवळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या. मला बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "आली बघा काळं नेसा म्हणणारी!" भोवतीच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

अख्ख्या लॉनवर पुरता सूट घातलेली माणसं दोनच. एक आमचे भाऊजी, दुसरे हैदराबादचे त्यांचे व्याही. व्याह्यांचा साटीनच्या गळ्याचा कोट, बो, चकचकीत बूट, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. दोघे मधल्या कूलरसमोर खुर्च्या ओढून बसले होते. घाम गळत होता, पण कोट एकानेही काढला नव्हता. भाऊजींना तेलुगू येत नाही, व्याह्यांना मराठी येत नाही. मी सरबत द्यायला गेले तेव्हा भाऊजी व्याह्यांच्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "ये कैसा बांधते वो? हमकू तो लांबवालाच आता."

व्याह्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कॉलर वर केली आणि बो ओढून दाखवला. मागे इलॅस्टिक होतं. बांधायचं काहीच नव्हतं, नुसतं अडकवायचं. भाऊजी गुडघ्यावर थाप मारून एवढे हसले की फोटोवाला तिकडे धावला. मग व्याह्यांनी तो बो काढून त्यांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांचा टाय स्वतः घेतला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत चांगला म्हणावा असा तो एकच फोटो आहे.

जेवताना मी नवऱ्याशेजारी बसले. तो तिसरी जिलबी खात होता. "मला कुणी काही बोललं नाही," म्हणाला.

"जेव तू," मी म्हटलं.

पाहुणे पांगले, लग्नघर आवरलं, माझं कॉलेज सुरू व्हायला दोन आठवडे उरले होते. एका सकाळी अक्कांचा फोन आला. मागून गाडी चालू केल्याचा आवाज येत होता.

"अगं, हे बाजारला निगाल्यात. अंगात कोट घातलाय. ह्या उन्हात! टाय बी बांधलाय. मी सांगून दमले. तुझं ऐकत्यात ते, तू तरी सांग, बाजारला आसलं घालत न्हाईत म्हणून."

"माझं नाव घेऊ नका अक्का यात," मी म्हणाले. "मी कपड्यांचं कुणाला काही सांगत नसते आता."

"मग तुझ्या त्या पुस्तकात बघून तरी सांग, बाजारला काय चालतं."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि दूध उतू जात होतं ते बघायला गेले.